सात तासांच्या एका रात्रीसाठी: संपादनाचे सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
व्हिडिओ आणि ध्वनी संपादनाचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपन्यांतील अभियंते आणि मुक्तस्रोत प्रकल्पांतील सर्व विकसक यांस,

विषय: रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांच्या संपादनासाठी हव्या असलेल्या सोयींबाबत.

सन्माननीय महोदय आणि महोदया,

मी चंद्रपूर जिल्ह्याच्या ब्रह्मपुरी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. घरी दोन एकर धानाची शेती आहे, आणि गेल्या बारा वर्षांपासून गावोगावच्या लग्नांचे, भजनांचे, शंकरपटांचे (बैलजोड्यांच्या शर्यतींचे) आणि मुख्यतः नाटकांचे चित्रीकरण व संपादन करणे हा माझा दुसरा व्यवसाय आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी आमचा भाग पाहिलेला नसेल, म्हणून थोडे सांगणे आवश्यक वाटते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. धान घरात आले की दिवाळीपासून होळीपर्यंत येथे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, कुठे दिवसा शंकरपट होतो, कुठे दंडार हे लोकनाट्य रंगते, आणि रात्री पेंडॉलमध्ये नाटक उभे राहते. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे या नाटक कंपन्यांचे मुख्य ठाणे आहे, आणि २०२३ साली पद्मश्रीने सन्मानित झालेले परशुराम खुणे हे याच रंगभूमीचे कलावंत आहेत. आमच्याकडचा प्रयोग रात्री दहाच्या सुमारास सुरू होतो आणि पहाटे पाचपर्यंत चालतो. लोक चादरी, घोंगड्या घेऊन येतात आणि शेवटचे पद ऐकल्याशिवाय उठत नाहीत.

या सात तासांविषयीच मला आपल्याशी बोलायचे आहे. आपले सॉफ्टवेअर मी रोज वापरतो आणि त्यातील अनेक गोष्टींबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. विशेषतः केडेनलाइव्ह, शॉटकट, ब्लेंडर आणि ऑडॅसिटी ही साधने ज्यांनी विनामूल्य उपलब्ध करून दिले त्यांच्यामुळेच माझ्यासारख्या माणसाला हे काम सुरू करता आले. परंतु या सर्व साधनांची घडण पाहिली की ती लहान लहान शॉट जोडून काही मिनिटांची चित्रफीत बनवणाऱ्या, अखंड वीज आणि वेगवान इंटरनेट असलेल्या माणसासाठी झाली आहे, हे सतत जाणवत राहते. जो प्रसंग सलग सात तास चालतो, पुन्हा घडणार नाही आणि जनरेटरच्या विजेवर चित्रित झालेला आहे, तो सुरक्षित ठेवण्याची आणि नीट जुळवण्याची सोय आपण प्राधान्याने करावी, ही माझी एकच मागणी आहे. पुढे जे लिहिले आहे ते सारे तिच्याच पोटात येते.

सर्वांत आधी विजेबद्दल. चार हिवाळ्यांपूर्वी एका गावी मी कॅमेऱ्याचे चित्र थेट लॅपटॉपमध्ये साठवत होतो. लॅपटॉपची बॅटरी जुनी झाली होती आणि तो जनरेटरच्या विजेवरच चालला होता. पहाटे तीनच्या सुमारास जनरेटर बंद पडला आणि त्याबरोबर लॅपटॉपही. सकाळी घरी येऊन पाहिले तर पाच तासांची सुमारे ३८ जीबीची फाइल डिस्कवर होती, पण ती कोणत्याही प्लेअरमध्ये किंवा संपादन सॉफ्टवेअरमध्ये उघडत नव्हती. त्या रात्री सत्तरी ओलांडलेल्या एका कलावंताने आपली शेवटची भूमिका केली होती आणि त्याच्या मुलाने त्यासाठीच मला बोलावले होते. त्या मुलाला फोन करण्यापूर्वी मी किती वेळ अंगणात बसून होतो, ते मला आजही आठवते.

आपणांस हे ठाऊकच आहे की एमपी४ फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम (चित्रणातील एकेक स्थिर चित्र) आणि ध्वनीचा प्रत्येक तुकडा कोठे आहे याची सूची सामान्यतः रेकॉर्डिंग संपल्यावर लिहिली जाते. वीज मध्येच गेली की आशय डिस्कवर असतो, फक्त सूची नसते, आणि सूचीवाचून फाइल वाचता येत नाही. मला हे त्या सकाळी ठाऊक नव्हते. पुढे अनट्रंक नावाचे एक मुक्तस्रोत साधन सापडले, जे त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने झालेल्या दुसऱ्या धडधाकट फाइलच्या आधाराने तुटलेल्या फाइलची सूची पुन्हा उभी करते. तीन दिवस खटपट केल्यावर त्या पाच तासांपैकी बराचसा भाग हाती आला, मात्र अनेक ठिकाणी ओठ आणि आवाज यांचा मेळ राहिला नव्हता. ज्या सॉफ्टवेअरमध्ये शंभर प्रकारचे रंग आणि एका दृश्यातून दुसऱ्यात जाण्याच्या तऱ्हा आहेत, त्यात तुटलेली फाइल आणली असता ‘ही फाइल अपूर्ण आहे, दुरुस्त करावी का?’ एवढा प्रश्न विचारण्याची सोय का नसावी? ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने २०२४ साली रेकॉर्डिंग मध्येच तुटले तरी वाचता येईल अशी एमपी४ची संमिश्र रचना आणली. रेकॉर्डिंगच्या बाजूने झालेले हे काम संपादनाच्या बाजूनेही झाले पाहिजे.

एक्स्पोर्टचे, म्हणजे संपादन झालेले चित्रण अंतिम फाइल म्हणून बाहेर काढण्याचे, दुखणे याहून रोजचे आहे. माझ्या जुन्या यंत्रावर सात तासांच्या नाटकाचे अंतिम एक्स्पोर्ट नऊ-दहा तास चालते, आणि खेड्यात सलग दहा तास वीज राहील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आठव्या तासाला वीज गेली की सारे पहिल्या फ्रेमपासून पुन्हा सुरू करावे लागते. ब्लेंडर वापरणारे जाणकार यावर प्रत्येक फ्रेम स्वतंत्र चित्र म्हणून साठवतात आणि जेथे थांबले तेथून पुढे चालू करतात, परंतु सात तासांच्या लाखो फ्रेम चित्रांच्या रूपाने ठेवायला माझ्याकडे डिस्क नाही. माझी सूचना अशी की एक्स्पोर्ट दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत व्हावे, प्रत्येक तुकडा पूर्ण फ्रेमपासून (आधीच्या फ्रेमवर अवलंबून नसलेल्या) सुरू व्हावा, पूर्ण होताच डिस्कवर पक्का व्हावा, आणि शेवटी सर्व तुकडे पुन्हा एन्कोड न करता एकत्र जोडले जावेत. वीज आल्यावर सॉफ्टवेअरने उरलेल्या तुकड्यांपासून काम पुढे न्यावे. यात कोणतेही नवे संशोधन लागत नाही, आणि माझ्यासारख्या माणसाच्या दृष्टीने याहून मोठी सोय दुसरी नाही.

आता जुळवणीविषयी, जेथे माझ्या रात्री सर्वांत जास्त खर्च होतात. नाटकाला मी तीन फोन आणि एक ध्वनिमुद्रक लावतो. ध्वनिमुद्रक मिक्सरजवळ, एक फोन रंगमंचाच्या कडेला, दुसरा मध्यभागी आणि तिसरा पेंडॉलच्या अगदी मागे. सुरुवातीला टाळी वाजवून सर्वांची जुळणी केली तरी पहाटेपर्यंत ती टिकत नाही. प्रत्येक यंत्रातील घड्याळ किंचित वेगळ्या गतीने चालते. दोन घड्याळांत दहा लाखांत वीस भागांचा, म्हणजे फारच थोडा, फरक धरला तरी सात तासांत तो अर्ध्या सेकंदावर जातो. २५ फ्रेमच्या हिशेबाने ते बारा फ्रेमहून अधिक अंतर झाले. आपली आपोआप जुळवणी करणारी साधने बहुधा फाइल किती पुढे-मागे करायची ती एकच सरकवणी शोधून थांबतात. आम्हांला हवी आहे ती सबंध लांबीवर अनेक ठिकाणी तपासून ध्वनीला स्वर न बदलता अतिशय हलके ताणणारी जुळवणी.

त्यात फोनची आणखी एक खोड आहे. रंगमंचावर प्रकाश मंद झाला की फोन आपणहून फ्रेमचा वेग कमी करतो आणि प्रकाश वाढला की पुन्हा वाढवतो. झाडीपट्टीच्या नाटकात प्रकाश तर सतत बदलतो. अशी बदलत्या वेगाची फाइल काही सॉफ्टवेअर स्थिर वेगाची समजून वाचते, आणि दुसऱ्या अंकापर्यंत पात्राचे ओठ आणि शब्द वेगळे पडतात. हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर वेगाची करून घेणे हा उपाय सर्वांना माहीत आहे, पण सात तासांच्या तीन फाइलींना तो लावणे म्हणजे आणखी दोन दिवस. फाइल आणताच तिचा फ्रेमवेग बदलता आहे हे सॉफ्टवेअरने ओळखावे, आणि प्रत्येक फ्रेमवर लिहिलेल्या खऱ्या वेळेनुसारच ती टाइमलाइनवर मांडावी.

अंतराचीही एक सूक्ष्म बाब आहे, जी मी कोठेच सोय म्हणून पाहिलेली नाही. हिवाळ्याच्या रात्री ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रंगमंचालगतच्या भोंग्यांपासून ३४ मीटर मागे ठेवलेल्या फोनला आवाज एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो, तर चित्र तत्काळ. अशा फोनची ध्वनीवरून जुळवणी केली की ध्वनी जुळतो आणि चित्र मात्र अडीच फ्रेम पुढे सरकते. तबल्याच्या थापेबरोबर पाऊल टाकणाऱ्या नर्तकीच्या दृश्यात ही चूक कोणालाही खटकते. प्रत्येक कॅमेऱ्याचे रंगमंचापासूनचे अंतर मीटरमध्ये लिहिता यावे आणि त्यानुसार चित्र मागे सरकवले जावे, एवढा एक रकाना पुरेसा आहे.

जनरेटरची गुणगुण हा आमच्या ध्वनीचा जुना शत्रू. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, आणि तिची गुणगुण ५०, १००, १५० अशा पटींत ध्वनीत शिरते. ऑडॅसिटीतील नॉच फिल्टर (एकच वारंवारता कापणारे) ठरावीक वारंवारतेवर उत्तम काम करते. पण छोट्या जनरेटरवर एखादा मोठा दिवा लागला की त्याची गती उतरते, विझला की चढते, आणि गुणगुण आपली जागा सोडून भटकू लागते. स्थिर फिल्टर तेथे उभे राहते जेथून गुणगुण निघून गेली आहे. तिच्या मागे मागे सरकणारे फिल्टर सामान्य, विनामूल्य सॉफ्टवेअरमध्येही असावे. येथे मला एक कल्पना सुचवावीशी वाटते. गुन्हेतपासात ध्वनिमुद्रणातील विजेच्या गुणगुणीच्या चढउतारावरून मुद्रणाची वेळ पडताळली जाते. आमच्या चारही यंत्रांत एकाच जनरेटरची, एकाच वेळी भटकणारी गुणगुण नोंदलेली असते. मग तीच गुणगुण यंत्रांची जुळवणी करण्यासाठी का वापरू नये? संवाद शांत असतात, टाळ्या नसतात, त्या वेळीही ती चालूच असते. आधी तिच्यावरून जुळवावे आणि मग ती काढून टाकावी.

याच ओघात गोंगाट काढण्याच्या नव्या साधनांविषयी बोलले पाहिजे, कारण त्यांनी आमचे नुकसानही केले आहे. माणसाचा आवाज ठेवून बाकी सारे गोंगाट समजणारी ही साधने कार्यालयातील बैठकीसाठी योग्य असतील. गुरुकुंज मोझरीच्या तुकडोजी महाराजांमुळे विदर्भातल्या गावागावांत खंजिरी भजन पोहोचले, आणि आजही गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यक्रमांत खंजिरी, टाळ आणि पेटी एकत्र वाजतात. एकदा अशा भजनावर मी एका बटणाने आवाज स्वच्छ केला, तर खंजिरीचे झणत्कार पार पुसले गेले, टाळांची जागा पाण्यात बुडाल्यासारख्या खळखळीने घेतली आणि गाणाऱ्याचा खर्ज करकरीत झाला. यंत्राला खंजिरी हा गोंगाट वाटला. गाण्यातील आवाज वेगळे करणारी मुक्त साधनेही बहुधा गायन, ड्रम, बेस आणि इतर अशा चारच कप्प्यांत विभागणी करतात, आणि ज्या संग्रहावर ती अनेकदा तपासली जातात त्या एमयूएसडीबी१८ मध्ये दीडशे गाणी आहेत, मुख्यतः पाश्चात्त्य बँडच्या धाटणीची. आमची पेटी, खंजिरी, टाळ, मृदंग आणि नाटकातले ऑर्गन यांचे या चार कप्प्यांत बस्तान बसत नाही. हे कप्पे वाढवणे जड असेल तर निदान एवढे करावे: वापरणाऱ्याने दहा सेकंद खंजिरी वाजलेली दाखवून ‘हे ठेव’ असे सांगावे आणि साधनाने ते ऐकावे.

मराठी अक्षरांच्या बाबतीत परिस्थिती पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरे फुटायची. म्हणून आमच्यापैकी कितीतरी जण अजूनही कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये शीर्षक लिहून ते चित्र म्हणून चिकटवतात. प्रीमियर प्रो या संपादन सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिपींसाठी वेगळे मजकूर इंजिन आहे, पण ते सेटिंगमध्ये शोधून निवडावे लागते, आणि नव्याने शिकणाऱ्या मुलाला ते ठाऊक नसते. देवनागरी टाइप होताच ते आपोआप निवडले जावे. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातील अर्धा र मोडता कामा नये, कारण तो शब्द आमच्या निम्म्या शीर्षकांत असतो. मराठीतील ल आणि श यांची रूपे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. अनेक फाँटमध्ये ती आत असतात, मात्र मजकुराची भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरला सांगण्याची जागाच नसेल तर ती बाहेर येत नाहीत. मेनू मराठीत असावेत ही मागणीही अनेक जण करतात. मला ती दुय्यम वाटते, आणि केलीच तर कट, ट्रिम, फेड, एक्स्पोर्ट हे शब्द तसेच ठेवावेत, कारण आमच्या दुकानांत तेच बोलले जातात.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोललेल्या संवादांवरून मजकूर तयार करणे. लिहिलेले वाक्य खोडले की त्या वाक्याचे चित्रही टाइमलाइनवरून निघून जावे, ही सोय आता काही सॉफ्टवेअरमध्ये आली आहे, आणि सात तासांच्या नाटकात एखादा प्रवेश शोधण्यासाठी तिच्याइतके उपयुक्त काही नाही. परंतु झाडीबोलीत ‘पाणी’ हे ‘पानी’ होते आणि ‘शेत’ हे ‘सेत’. पश्चिमेकडे वऱ्हाडीत ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो आणि ‘शाळा’ ही ‘शाया’. यंत्र यातले काही शब्द चुकीचे ऐकते, आणि जे बरोबर ऐकते ते आपल्या समजुतीने पुस्तकी मराठीत बदलून टाकते. विनोदी पात्राचा सारा रंगच त्या बोलीत असतो. उपशीर्षकांत तो पुसला गेला तर लोक हसतील कशावर? बोलणे ऐकून मजकूर लिहिणाऱ्या, २०२२ साली आलेल्या व्हिस्पर या प्रणालीला ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनीवर शिकवले गेले, त्यात इंग्रजी सोडून इतर ९६ भाषांच्या लेखनासाठी मिळून १ लाख १७ हजार तास होते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख लोक नोंदले गेले, आणि त्यांच्या बोली अनेक आहेत. म्हणून ‘बोलले तसे लिही’ असा एक पर्याय आणि एकदा दुरुस्त केलेला शब्द पुढच्या सर्व नाटकांत लक्षात ठेवणारा, मला स्वतः भरता येणारा आणि इतरांना देता येणारा शब्दसंग्रह या दोन सोयी द्याव्यात.

या साऱ्या क्रिया माझ्याच यंत्रावर व्हायला हव्यात. सेकंदाला १७ मेगाबिट या दराने एका फोनचे सात तासांचे चित्रण साधारण ५३ जीबी होते. आमच्या गावात अपलोडचा वेग सेकंदाला २ मेगाबिट मिळाला तर एकच फाइल दूरच्या सर्व्हरवर पाठवायला जवळपास अडीच दिवस लागतील, तेही नेटवर्क एकदाही तुटले नाही तर. काम जुन्या यंत्रावर सावकाश होईल याची मला हरकत नाही. रात्रभर चालू ठेवून झोपायची आमची तयारी आहे. तसेच सॉफ्टवेअरचा परवाना तपासण्यासाठी दर काही दिवसांनी इंटरनेट मागू नये. ऐन हंगामात नेटवर्क नसलेल्या गावी चार दिवस मुक्काम असताना ते बंद पडले तर ग्राहकाला काय सांगावे?

या सर्वांत आधी काय करावे असे आपण विचारलेत, तर मी तुकड्यांनी होणारे एक्स्पोर्ट आणि तुटलेल्या फाइलची दुरुस्ती या दोन गोष्टी सांगेन, त्यानंतर लांब रेकॉर्डिंगची जुळवणी. बाकीच्यांसाठी आम्ही आणखी काही हंगाम थांबू शकतो.

आपल्यापैकी कोणी हे काम हाती घेणार असेल तर चाचणीसाठी लागणारी सामग्री मी देऊ शकतो. चार यंत्रांवर एकाच वेळी नोंदलेली सबंध रात्रीची चित्रणे, बदलत्या फ्रेमवेगाच्या फाइली, जनरेटरची भटकती गुणगुण असलेला मूळ ध्वनी आणि खंजिरी भजनांची मुद्रणे माझ्याकडे आहेत. नाटक कंपनीची आणि कलावंतांची संमती घेऊन ती आपल्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी माझी. फाइली मोठ्या असल्याने त्या हार्ड डिस्कवर टपालाने पाठवाव्या लागतील. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि मग होळीपर्यंत मला उसंत नसते, म्हणून त्यापूर्वी कळवल्यास सोयीचे होईल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
झाडीपट्टीतील एक चित्रणकार व संपादक
तालुका ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर